अकरा वर्षांचा ‘म्हातारो’

“मॅडम, माझो झील अकरा वर्षांचो, पण वागता आज्यासारखो. खेळाक जा म्हटला तर जाणा नाय. हेचा पुढे काय होतला?”

वेंगुर्ल्याहून आलेल्या या आईचा प्रश्न मला समुपदेशनात वर्षातून चार-पाचदा तरी ऐकू येतो. कुणाचा मुलगा जुना ट्रान्झिस्टर उघडून बसतो, कुणाची मुलगी दशावतारातल्या राजाची भाषणं घरभर म्हणत फिरते. या मुलाचा जीव जुन्या मोडी लिपीत अडकला होता. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

पणजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद सापडले, तिथून सुरुवात झाली. पुस्तकावरून तो स्वतःच अक्षरं शिकला. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले, तेव्हा आईने कौतुकाने त्याला सगळ्यांसमोर वाचायला बसवलं. तो दोन ओळींत अडखळला. काका म्हणाले, “अरे, हो तर आमचो तलाठी!” सगळे हसले. त्या रात्री तो जेवला नाही. पुढे सहामाहीत गणितात मार्क कमी पडले, तशी वडिलांनी ट्रंक माळ्यावर टाकली.

हसणं लागतं, हे आपल्याला कळतं. पण पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव रे’ म्हणणंही तितकंच लागू शकतं. मूल जे एकट्याने, हळूहळू जपत असतं, त्याचा एकदम खेळ होतो. आईला हे सांगताना मला जड गेलं, कारण तिने ते प्रेमानेच केलं होतं.

वडिलांची भीती वेगळी होती. कुठलासा व्हिडिओ पाहून ते विचारत होते, “ऑटिझम तर नाय ना?” एकच छंद मनापासून धरला म्हणून ऑटिझम ठरत नाही. अगदी लहानपणापासून बोलण्यात देवाणघेवाण कशी आहे, समोरच्याचा चेहरा वाचता येतो का, ठरलेलं बदललं तर किती त्रास होतो, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. शंका उरली तर बालविकासतज्ज्ञांकडे जावं. आणि निदान झालं, तरी त्याची आवड काढून घेणं हा उपाय नव्हेच.

मी मुलाला म्हटलं, मला शिकव. त्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढल्या. “अक्षरं ह्येका टांगायची. हात उचलूचो नाय.” मग त्याने जुन्या कागदांवरचं अरबी आकड्यांतलं साल, म्हणजे शुहूर सन, कसं वाचायचं ते सांगितलं. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५४. “पण वर्ष मृगाक बदलता, म्हणून जानेवारी ते मे असलो तर ६०० मिळवूचे.” गणितात मागे पडलेला मुलगा हे सांगत होता! मी मुद्दाम मध्येच कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, विषय काढला. तो लगेच वळला, अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या असतात म्हणाला, आणि मला विचारलं, “तुमका आवडतत?” माझी अर्धी काळजी तिथे मिटली.

उरलेली अर्धी तिसऱ्या भेटीत बाहेर आली. पाचवीत त्याची शाळा बदलली होती. नव्या वर्गात सगळे त्याला ‘म्हातारो’ म्हणत. मधल्या सुट्टीत तो ग्रंथालयात जाऊन बसे. घरी वाटत होतं की मोडीमुळे त्याला मित्र नाहीत. खरं तर मित्र नव्हते, म्हणून मोडीत दिवस निघत होते. ट्रंक माळ्यावर गेल्यावर तेही गेलं.

मी ट्रंक खाली काढायला सांगितली, अभ्यासाची अट न घालता. पाहुण्यांपुढे वाचन बंद. चिडवण्याबद्दल आई वर्गशिक्षिकेशी बोलली. क्रिकेटच्या शिबिराला नाव घालायचा वडिलांचा बेत मी थांबवला. दहा मुलांत ढकलण्यापेक्षा त्याला आधी एक सोबती हवा होता.

राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, कुणबी नोंदी शोधताना २०२३ मध्ये मोडी जाणणाऱ्यांची केवढी गरज पडली, हे कळल्यावर वडील पुष्कळ निवळले. मला त्याचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. उपयोग नसता, तरी तो मुलगा तेवढाच चांगला होता.

शिमग्याच्या आधी आईचा फोन आला. शेजारच्या बाकावरच्या मुलाला गुप्त चिठ्ठ्या लिहायच्या होत्या, म्हणून दोघे मोडी गिरवतायत. बाईंनी एक चिठ्ठी पकडली, पण वाचता येईना. क्रिकेटला तो अजून जात नाही. रविवारी मात्र तो मुलगा घरी येतो, आणि ट्रंकेतला एक कागद वडिलांनी स्वतः पुढे केला आहे. आमच्या आंब्याच्या कलमांचा त्यात काय लिहिलंय, बघ म्हणून.