आधी नुसता द्रावक टोच

तुझं पत्र काल रात्री वाचलं. अपस्मारासाठी बारा रेणू केलेस, रचना चांगल्या वेगवेगळ्या, आणि झटके आणणारं पीटीझेड टोचल्यावर बाराही गटांतले उंदीर झटक्यांपासून सारखेच वाचले. कुठला रेणू पुढे न्यायचा, असं विचारतेस. अगं, इतक्यात कुठलाच नको! कंट्रोलला सलाइन दिलंस आणि रेणू विरघळवलेस डीएमएसओ या द्रावकात. व्हेइकल ग्रुप, म्हणजे नुसता द्रावक दिलेला गट, कुठाय?

१९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार हा संशोधक खेलिन या वनस्पतीतल्या द्रव्यापासून केलेले रेणू तपासत होता. ते विरघळेनात म्हणून त्याने व्हॅलप्रोइक ॲसिड घेतलं. ते १८८२ पासून ठाऊक होतं, पण द्रावक म्हणून. जो रेणू द्यावा तो झटके थांबवायचा. अगदी तुझ्यासारखंच. मग नुसतं ॲसिड देऊन पाहिलं, तर झटके थांबवणारं तेच निघालं. आज लाखो रुग्ण घेतात ते व्हॅलप्रोएट हेच.

तुझ्या डीएमएसओतून औषध निघेल असं म्हणत नाही. पण मोठ्या डोसला तो गप्प बसत नाही, दाहसुद्धा कमी करतो. म्हणजे मायक्रोग्लियांवर, मेंदूतल्या रक्षक पेशींवर, दाह पेटवणारं एलपीएस घालून टीएनएफ-अल्फा हे दाहाचं प्रथिन मोजतेस, तिथेही शेजारी तेवढाच डीएमएसओ घातलेल्या पेशी हव्यात. रेणू प्रथिनात किती नीट बसतो याचे संगणकावरचे डॉकिंगचे आकडे नंतर बघू. आधी नुसता द्रावक.

माझ्या पहिल्या सिरीजच्या वेळी उंदीर कमी पडले. व्हेइकलसाठी ठेवलेले सहा मी सातव्या रेणूला वापरले. पेपर छापून आला. चार वर्षांनी एका ज्युनिअरने तेच काम पुन्हा केलं, तर नुसत्या द्रावकावरचे उंदीरही वाचले. बढतीची मुलाखत तोंडावर होती. मी गप्प बसलो. तो पेपर अजून तसाच आहे आणि लोक त्याचा दाखला देतात.

पुढे एका विद्यार्थ्याचा प्रबंध याच कारणासाठी मी सहा महिने अडवला. तो आजही माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटतं, पण त्यात माझं चुकलं नाही. अपस्माराच्या जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचे झटके आजच्या औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी रेणू करायचा आणि द्रावकाचाच गुण त्याच्या नावावर मांडायचा? मी पुन्हा अडवीन. तुलाही अडवीन.

सोमवारी आयएईसीकडे, म्हणजे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे, जादा आठ उंदरांचा अर्ज टाक. डीएमएसओ तेवढाच, टोचण्याची वेळ तीच. रोटारॉडवरही, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चालव त्यांना, गुंगी येते का ते कळेल. गाईड उशिराबद्दल चिडतील, तर माझं नाव सांग. निकाल आला की फोन कर. रात्री उशिरा केलास तरी मी जागा असतो.