बावचीचं बी वेगळं, बाकुचिऑल वेगळं

प्रश्न : सुरकुत्या-डागांसाठी रेटिनॉलची (‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) क्रीम दोन महिने लावली. गालांची सालं निघतात, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. बाकुचिऑल हे त्याला सौम्य पर्याय आहे आणि ते बावचीपासून मिळतं असं वाचलं. काष्ठौषधींच्या दुकानात बावची सहज मिळते. ती कुटून खोबरेल तेलात उकळून लावू का?

उत्तर : नाही. अगदी थोडीसुद्धा नको. बावचीच्या बियांत बाकुचिऑल असतं, तसंच सोरालेन आणि आयसोसोरालेनही असतं. ही दोन द्रव्यं त्वचेत मुरली आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. कोडावरच्या उपचारात बावची लावून उन्हात बसवतात ते नेमकं याच गुणासाठी, पण तिथे मात्रा आणि उन्हाची वेळ वैद्य ठरवतात. घरी उकळलेल्या तेलात सोरालेन किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

फसगत होते ती उशिरा लागणाऱ्या आगीमुळे. लावल्या दिवशी काहीच जाणवत नाही. एक ते तीन दिवसांनी लाली, जळजळ, कधी फोड, आणि ते बसले की मागे काळे डाग, जे महिनोन्‌महिने जात नाहीत. घराबाहेर पडत नाही म्हणून बिनधास्त राहू नका. ही प्रक्रिया घडवणारे अतिनील ‘ए’ किरण खिडकीच्या काचेतून आत येतात.

बाकुचिऑल हे बावचीतून वेगळं काढलेलं एकच द्रव्य. 1966 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून त्याला हे नाव दिलं. त्याची रचना रेटिनॉलसारखी नाही, तरी त्वचेतल्या पेशींवरचा परिणाम बराचसा तसाच दिसतो. सौंदर्यप्रसाधनांत वापरायचं तर त्यातलं सोरालेन काढून टाकावं लागतं. सौम्यपणा त्या शुद्धीकरणातून येतो, केवळ वनस्पतीतून आलं म्हणून नव्हे.

म्हणून बाटली घेताना घटकांची यादी वाचा. ‘बाकुचिऑल’ हा शब्द आणि शेजारी टक्केवारी हवी, 0.5 ते 1 टक्का पुरे. नुसतं ‘सोरालिया कोरिलिफोलिया (म्हणजे बावचीच) बीज तेल’ किंवा ‘बीज अर्क’ लिहिलं असेल तर ती बाटली चेहऱ्यासाठी घेऊ नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक. आज रेटिनॉल बंद करून उद्या बाकुचिऑल सुरू करू नका. सोललेल्या त्वचेला तेही झोंबेल, आणि दोष त्याच्या माथी जाईल. दोन-तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. तोंड धुताना चुरचुरणं पूर्ण थांबलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. बाकुचिऑलचीही ॲलर्जी झालेली माणसं आहेत. खाज-पुरळ नसेल तर पहिले दोन आठवडे एक रात्र आड, मग रोज रात्री, मग सकाळ-रात्र.

प्रश्न : तीन महिने रोज रात्री लावतेय, फरक कमी वाटतो. रेटिनॉलइतकं ते खरंच चालतं का?

उत्तर : ज्या चाचणीचा दाखला सगळे देतात, ती 44 जणांवर 12 आठवडे झाली. त्यात दोन्हींनी सुरकुत्या आणि डाग सारखेच कमी झाले, रेटिनॉलवाल्यांना सालं निघण्याचा आणि झोंबण्याचा त्रास जास्त झाला. पण बाकुचिऑल 0.5 टक्के *दिवसातून दोनदा* लावलं होतं, रेटिनॉल फक्त रात्री. तुम्ही अर्धीच मात्रा घेताय. सकाळीही लावा, उजेडाने ते रेटिनॉलसारखं बिघडत नाही. वर सनस्क्रीन मात्र हवंच. आणि हेही लक्षात ठेवा, 44 ही संख्या छोटी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ट्रेटिनॉइनमागे (रेटिनॉलच्या कुळातलंच, पण जास्त तीव्र औषध) कितीतरी अधिक पुरावा आहे. खोल सुरकुत्यांसाठी बाकुचिऑलकडून तेवढी आशा धरू नये.

प्रश्न : शुद्ध बाकुचिऑल आणून कोरफडीच्या जेलमध्ये मिसळलं तर?

उत्तर : जेल म्हणजे बहुतांश पाणी, आणि बाकुचिऑल पाण्यात नव्हे, तेलात विरघळतं. ते जेलमध्ये थेंबाथेंबाने तरंगतं, एके ठिकाणी भरपूर लागतं, दुसरीकडे काहीच नाही. करायचंच तर उसापासून केलेल्या स्क्वालेनमध्ये (squalane, एक हलकं तेल) करा. 30 मिली स्क्वालेनचं वजन साधारण 24 ग्रॅम भरतं. 0.5 टक्क्यासाठी त्यात 0.12 ग्रॅम बाकुचिऑल. थेंब मोजू नका, हे द्रव्य दाट असतं आणि थेंब लहानमोठे पडतात. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. बाटली आणि ड्रॉपर खडखडीत कोरडे हवेत. यात पाणी नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओला ड्रॉपर आत गेला तर तो हिशेब मोडतो. विक्रेत्याकडून शुद्धतेचा दाखला मागा, त्यात सोरालेनची तपासणी नोंदलेली नसेल तर माल घेऊ नका. एका वेळी तीन-चार थेंब चेहऱ्याला पुरतात.

प्रश्न : सून गरोदर आहे. रेटिनॉल बंद केलंय. बाकुचिऑल चालेल?

उत्तर : रेटिनॉल बंद केलं हे उत्तम. बाकुचिऑल रेटिनॉइड (रेटिनॉलच्या कुळातलं द्रव्य) नाही, पण गरोदर स्त्रियांमध्ये ते पुरेसं तपासलेलं नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून सुरू करू नये. डागांसाठी ॲझेलेइक ॲसिडबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा, गरोदरपणात ते बऱ्याचदा दिलं जातं.

प्रश्न : लिंबाचा रस आणि मध?

उत्तर : मध चालेल. लिंबू नको. रस फार आंबट, कातडीला झोंबतो, शिवाय लिंबातही, विशेषतः सालीच्या तेलात, बावचीच्या सोरालेनची भावंडं असतात. उन्हाळ्यात सरबतासाठी लिंबं पिळल्यावर हात साबणाने धुऊन मगच उन्हात जा.