'अंत्य वापरकर्ता' नको, सुतार आठवा

प्रश्न असा आहे : 'एंड-युझर प्रोग्रॅमिंग', म्हणजे प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाने आपल्या कामापुरतं सॉफ्टवेअर स्वतःच घडवणं, याला 'अंत्य-वापरकर्ता आज्ञावलीलेखन' म्हणता येईल का? आणि स्प्रेडशीटमधल्या फॉर्म्युल्याला 'सूत्र' म्हणणं म्हणजे उगीच संस्कृत झाडणं आहे का?

पहिल्याचं उत्तर, नाही. 'अंत्य' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तिरडी येते. नुसतं 'वापरणारा' पुरे.

मला खरा राग आहे तो वेगळ्याच बोलण्याचा. 'मला प्रोग्रॅमिंग येत नाही हो, मी नुसते फॉर्म्युले टाकते.' आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकू हे दर महिन्याला म्हणतात. थकबाकी हुडकणं, विलंबाचं व्याज लावणं, पार्किंगवाल्यांची आकारणी वेगळी करणं, हे सगळं त्यांच्या शीटमध्ये त्यांनी एकटीने बसवलंय. 'मुदत उलटली असेल तर व्याज, नाहीतर शून्य' असं यंत्राला बजावणं हेच प्रोग्रॅमिंग. दुसरं काय असतं?

आता 'सूत्र'. सूत्र म्हणजे दोरा, त्याचंच झिजून सूत झालं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपला सुतार कुठून आला? 'सूत्रधार'मधून! संस्कृतात सूत्रधार म्हणजे नाटकाचा प्रमुख, तसाच लाकूडकाम करणाराही. प्राकृतात तो 'सुत्तहार' झाला आणि मराठीत सुतार. हातात दोरा धरून लाकडावर रेघ पाडणारा तो सूत्रधार.

रिखार्ड पिशेल या जर्मन पंडिताने सूत्रधाराला कळसूत्री बाहुल्यांचे दोरे ओढणारा ठरवलं आणि आपलं नाटक बाहुल्यांच्या खेळातून काढलं. आपल्याकडचे लोक अजून ते घोकतात. मला ते साफ अमान्य आहे. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय उघडा : नाट्यमंडपाची जागा सूत्राने मोजायची, आणि मोजताना ते तुटलं तर अशुभ. हा दोरा मापाचा आहे, बाहुलीचा नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात आजही 'चार सूत' म्हटलं की अर्धा इंच मिळतो. माप आणि दोरा आपल्या भाषेत असे एकजीव आहेत, आणि पिशेलसाहेबांच्या बाहुल्यांना तिथे जागा नाही.

हा फरक मी इतका ताणतो, कारण सॉफ्टवेअरच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे : दोरा कुणाच्या हातात? तयार ॲपमध्ये तो बनवणाऱ्याच्या हातात असतो, आपण फक्त त्याने दाखवलेली बटणं दाबायची. 1978 साली हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरचं कोष्टक खटकलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहायचे. त्यातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर 'व्हिजिकॅल्क' हे स्प्रेडशीट केलं, ते 1979 मध्ये ॲपल टू या संगणकावर आलं. 254 ओळी, 63 स्तंभ, आणि कुठल्याही चौकटीत आपलं सूत्र. एक आकडा हलवा, त्याला बांधलेले सगळे आपोआप हलतात. हिशेबनिसाच्या हाती प्रथमच दोरा आला, मधे प्रोग्रॅमर नाही. त्या चौकटीत जे लिहितात त्याला 'सूत्र' म्हणणं संस्कृत झाडणं कसं होईल? त्याहून नेमका शब्द मला तरी दिसत नाही.

मूळ प्रतिशब्द राहिलाच. मी 'घरसुतारकी' सुचवतो. स्टुलाचा डुगडुगणारा पाय आपणच ठोकून घ्यावा, तसं हे काम. परिभाषा समित्यांना तो गावंढळ वाटेल. वाटू दे. काकूंना मी तो सांगितला, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, 'म्हणजे मी सुतार?' हो, काकू. अस्सल.