बाजार आधी शेतकऱ्याचा

प्रिय,

शेतकरी बाजाराचा तुझा आराखडा नीट पाहिला. मधोमध भला मोठा मंच, त्यावर दिवसभर कार्यक्रम आणि शेतकऱ्यांचे गाळे मैदानाच्या कडेने. मला ही रचना उलटी वाटते. लोक मंचाकडे तोंड करून बसतील, शेतकऱ्यांकडे त्यांची पाठ असेल, आणि भोंग्यांच्या आवाजात भाव विचारायचा तरी ओरडून विचारावा लागेल. ज्याने आदल्या दिवशी तोडणी करून पहाटे गाडी भरली, त्याचा माल तसाच परत गेला तर तो पुन्हा किती वेळा येईल?

कला हवीच, पण ती गाळ्यांच्या रांगेत मिसळलेली असू दे. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून माणसं तिथे कशी वावरतात ते पाहिलं. बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात, हे त्यांचं निरीक्षण ऐकायला अगदी साधं आहे, तरी बाजार आखताना नेमकं तेच राहून जातं. त्यांचं दुसरं निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं: एखादा वादक किंवा शिल्प समोर असलं की शेजारी उभे असलेले अनोळखी लोक आपसात बोलू लागतात. बाजारातल्या कलेकडून मला एवढंच हवं आहे. म्हणून मंच काढून टाक. रांगेच्या वळणावर एकच वादक बसव, ध्वनिक्षेपकाशिवाय. दोन गाळ्यांच्या मध्ये टोपली विणणारं कुणी असू दे. मुलांना कागद-रंग देऊन समोरच्या भाज्यांची चित्रं काढायला बसव. मूल रंगात रमलं की आई-वडिलांना शेतकऱ्याशी निवांत बोलता येतं.

नियम मात्र सगळ्यांना एकच ठेव: स्वतः पिकवलेलं किंवा स्वतः घडवलेलं तेच विकायचं. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली सुरू झालेले ‘ग्रीनमार्केट’ नावाचे शेतकरी बाजार शेतमालाच्या बाबतीत याच तत्त्वावर चालतात. पेरणी कधी केली, फवारणी कशाची केली, हे विकणाऱ्याला विचारता आलं पाहिजे. घाऊक माल आणून विकणारे एकदा शिरले की पिकवणाऱ्याला त्यांच्या भावाशी टक्कर देता येत नाही.

शिजवलेल्या पदार्थांचे गाळे रांगेच्या शेवटी ठेव, म्हणजे खायला जाणारा माणूस सगळा बाजार पाहत जाईल. त्यांनी वाकडातिकडा, उरलेला माल शेतकऱ्यांकडूनच रास्त भावात घ्यावा, ही अट आधीच घाल. तिथे लांब बाकं-टेबलं मांड. सुट्या खुर्च्या दिल्या तर घरोघरची माणसं आपापला कोंडाळा करून बसतात. सावली आधी पालेभाज्यांना दे, कारण उन्हात त्या तासाभरात मान टाकतात.

वार आणि वेळ ठरली की बदलू नकोस, पाऊस असला तरी.

नवा आराखडा काढण्याआधी चार-पाच शेतकऱ्यांना भेट आणि गाडी कुठे लावायची, माल कुठून उतरवायचा, हे त्यांनाच विचार. गाळ्यांची जागा त्यानंतर ठरव.

सस्नेह.