मानसोपचाराच्या सत्रात नेमके काय घडते, हे चित्रकथेतून कळू शकते का?

होय, आणि माझ्या मते नुसत्या गद्यापेक्षा अधिक स्पष्टपणे कळते. ब्रिटिश मानसोपचारक फिलिपा पेरी यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘काउच फिक्शन’ या चित्रकथेत, चोरी करण्याची ऊर्मी आवरता न येणारा एक वकील उपचारासाठी येतो. दोघांचे बोलणे फुग्यांत उमटते, न उच्चारलेले विचारही शेजारीच दिसतात, आणि चौकटींखालच्या टिपांत उपचारकर्तीच्या वागण्यामागची कारणे उलगडतात. तिलाही शंका येतात, तीही चाचपडते, हे डोळ्यांनी पाहायला मिळणे मला फार मोलाचे वाटते. पूर्वीच्या नात्यांतल्या भावना येणारी व्यक्ती नकळत उपचारकर्तीवर लादते, हे समजण्यासाठी मात्र चित्रांइतक्याच त्या टिपाही सावकाश वाचाव्यात.