पहिल्यांदा स्टॉल लावतीयस म्हणून

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. आधी अभिनंदन, पुण्यातल्या हस्तकला मेळ्यात स्टॉल मिळाला म्हणजे काही कमी नाही, मला पहिला मिळायला तीन वर्षं अर्ज करावे लागले होते. पण तू जी यादी वाचून दाखवलीस ना, चित्रकथी, वारली, बिदरी, घोंगडी, सावंतवाडीची खेळणी, लमाणी भरतकाम, वॉल हँगिंग, ती ऐकून मला हसू आलं. दहा बाय दहाचा स्टॉल आहे तो, आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा नव्हे! तुझी गॅलरी दोन खोल्यांची, भिंती पांढऱ्या, लाईट तुझ्या मनासारखे. मेळ्यात मागं कापडाची कनात असते, खिळा मारू देत नाहीत, प्लगपॉइंट एकच, आणि समोरून माणसं हातात भेळ घेऊन चालत असतात. तीन प्रकार ने. फार तर चार.

कुठले तीन ते तू ठरव, मी ठरवणार नाही. फक्त एक बघ, जी वस्तू होताना तू स्वतः बघितलीयस तीच ने. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये, माझी फजिती झालीय म्हणून सांगतीय.

माझं तिसरं का चौथं प्रदर्शन असेल. मी एका व्यापाऱ्याकडून बारा घोंगड्या उचलल्या होत्या, रेट बरा होता, तो म्हणाला प्युअर लोकर आहे आणि मी तसंच कार्डावर लिहून टाकलं, ‘शुद्ध लोकर, हातमाग’. अक्षर पण छान काढलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले, पटका, धोतर, बरोबर कॉलेजचा नातू. त्यांनी घोंगडीवर हात फिरवला, मग उलटा फिरवला, मग कडेचा एक धागा ओढून काढला आणि मला म्हणाले, ‘बाई, काडेपेटी हाय का?’ मंडपात काडी ओढायची नसते, म्हणून आम्ही तिघं बाहेर चहाच्या टपरीपाशी गेलो. लोकर जळाली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. माझा धागा वितळला, आक्रसला, आणि टोकाला टणक काळा मणी झाला. आजोबा काही बोलले नाहीत, तो मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि गेले. नातूच ‘सॉरी काकू’ म्हणाला, त्यानं कशाला म्हणायचं काय की.

मी सगळी कार्डं फाडली, उरलेल्या नऊ परत बांधल्या, तोवर ज्या तिघींना विकल्या होत्या त्यांच्यापैकी एकीचाच नंबर होता, तिला फोन करून पैसे परत दिले. बाकी दोघींच्या घरी ती ‘शुद्ध लोकर’ अजून असेल. व्यापाऱ्यावर चिडले होते, पण चूक माझीच की, मी विचारलंच नव्हतं.

मग मात्र सांगोल्याकडं गेले. तिथं एका सणगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या, घरी चार दिवस नुसती बसले. धनगराकडून लोकर येते, बायका ती पिंजून कातून देतात, सणगर जमिनीतल्या खड्डामागावर पाय सोडून बसून विणतात. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, कुंचीनं, म्हणजे मोठ्या ब्रशनं, आणि ती खळ वाळेपर्यंत त्या गल्लीत जो एक आंबूस वास असतो ना तो मला अजून आठवतो. पट्टा अरुंद असतो म्हणून दोन पट्टे मधे शिवून जोडतात. आता गिऱ्हाईक त्या शिवणीकडं बोट दाखवून ‘हे फाटलंय, कमी करा’ म्हणतं तेव्हा मला बोलायला काहीतरी असतं, आणि एकदा का माणूस शिवणीवरनं बोट फिरवायला लागला की तो घासाघीस विसरतो. नेहमी नाही. बऱ्याचदा.

आणि तुला सगळे चादर विचारणारच! सोलापूरच्या ना, मग चादर कुठाय? वैतागू नकोस. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आपल्या गावाचं नाव तिनं केलंय. पण आता ती बहुतेक यंत्रमागावर होते हे सरळ सांग, हातमागाची म्हणून खपवू नकोस. त्यापेक्षा आपल्या पूर्व भागातनं, विणकरांच्या वस्तीतनं, हातमागाचं एक वॉल हँगिंग ने, आणि विणकराकडनं जकार्डची भोकं पाडलेली दोनचार जुनी पुठ्ठ्याची कार्डं मागून घे. टेबलावर ठेव. पोरं ती डोळ्याला लावून बघतात, मग आईबाप थांबतात, मग तू सांग की प्रत्येक भोक म्हणजे कुठला धागा उचलायचा त्याचा हुकूम. माझ्या स्टॉलवर सगळ्यात जास्त गर्दी त्या फुकटच्या पुठ्ठ्यांनी जमवली, माल बिचारा बघत बसला.

आता पैशाचं, कारण तिथं तू गप्प झालीस. जांगडावर माल उचलू नकोस. मला माहितीय, सगळे तेच करतात, विकलं तर पैसे नाहीतर माल परत, आपल्याला रिस्क नाही. पण रिस्क जाते कुठं? ती बनवणाऱ्याच्या घरी जाते. त्याची लोकर, त्याचे पंधरा दिवस, आणि वर पावसात भिजून परत आलेला माल. अर्धे तरी पैसे आधी दे, त्यासाठी माल कमी न्यावा लागला तर कमी ने, नाहीतरी जागा कुठाय. कार्डावर बनवणाऱ्याचं नाव लिही, त्याला विचारून. आणि डिस्काउंट द्यायचाच असेल तर तो तुझ्या कमाईतनं जाऊ दे, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचा हात सैल सुटतो, तेव्हा हे आठव.

चित्रकथीचे कागद नेणार असशील तर ऑगस्ट आहे हे विसरू नकोस, जाड प्लॅस्टिकचा रोल बरोबर ठेव, मंडप गळतोच, आयोजक नाही म्हणाले तरी गळतो. बिदरीच्या धातूच्या वस्तू हॅलोजनच्या खाली नको, त्या काळ्या रंगावर चांदीची तार मंद उजेडातच उठून दिसते. सुट्टे पैसे, क्यूआर कोडचे दोन प्रिंट (नेट जातं, मग सगळे वर हात करून रेंज शोधतात), आणि एक माणूस सोबतीला, नाहीतर तुला दिवसभर बाथरूमलाही जाता येणार नाही. जेवणाचं म्हणशील तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ने, आठवडा टिकते, आणि शेजारच्या स्टॉलवाल्यांशी ओळख त्याच्यावरच होते बघ.

पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार ना? गठ्ठे आदल्या दिवशी टेम्पोनं पुढं पाठव, डब्यात कोंबू नकोस.

घोंगडी न्यायचं ठरलं तर मला कळव, सांगोल्याला दोघी जाऊ. आणि हो, पर्समध्ये काडेपेटी ठेव. कुणी विचारायच्या आधी तूच म्हण, चला, टपरीवर जाऊन एक धागा जाळून बघू.

तुझी,
काकू