नातवंडांना क्रुसाची खूण कोण शिकवणार?

"मुलगी परधर्मातल्या मुलाशी लग्न करतेय, आमचं कुठे चुकलं?" वसईतल्या कितीतरी कॅथलिक आयांनी मला हेच विचारलं आहे. प्रत्येकीला वाटतं, हे फक्त आपल्याच घरी घडतंय. म्हणून त्यातल्या एकीची गोष्ट, ओळख पुसून, सांगते.

साठीच्या त्या बाई पहिल्या भेटीत ताठ बसून म्हणाल्या, "मी लग्नाला उभी राहणार नाही. देवाला काय तोंड दाखवू?" लेक पुण्यात नोकरीला, मुलगा हिंदू.

मी समजूत घालायला जात नाही. माणसाला त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून ऐकू यावं लागतं, असं मी इतक्या वर्षांत शिकले. तीन भेटी नुसतं ऐकलं. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, मान खाली जाईल, नणंद टोमणे मारेल, सगळं बोलून झालं. चौथ्या भेटीत विचारलं, "ही सगळी माणसं घटकाभर बाजूला ठेवू. मग भीती कशाची उरते?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या नातवंडांना क्रुसाची खूण कोण शिकवणार?"

"तुम्हाला कोणी शिकवली?"

"आजीने." आणि बांध फुटला. लाल लुगड्यातली आजी, वाडीतून येऊन हातपाय धुतलेली, नातीचा उजवा हात धरून कपाळाला, छातीला, खांद्यांना लावणारी. आईवडील तेव्हा कामातच असायचे.

मी बायबल उघडून दिलं. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याची आई ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी यहुदी, बाप ग्रीक. पौल त्याला पत्र लिहितो तेव्हा आधी त्याची आजी लोईस आणि मग आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. बाईंनी ते दोनदा वाचलं. "बाप ग्रीक होता? आणि आजीचं नाव लिहून ठेवलंय!" त्यांचे खांदे मी तेव्हा पहिल्यांदा सैल झालेले पाहिले.

त्या दिवशी मला नीट उमगलं. आपण श्रद्धा आणि अब्रू एकाच कपाटात ठेवतो, आणि घाईत हाताला नेहमी अब्रू लागते. बाईंची श्रद्धा पक्की होती, फक्त ती अब्रूच्या घडीखाली दबली होती.

आयांनो, शिकवण पातळ करून सांगू नका, पण ती पूर्ण माहीत करून घ्या. बिशपांची परवानगी घेऊन असा विवाह चर्चमध्ये होऊ शकतो. जोडीदाराने धर्म बदलावा अशी अट नाही. आपल्या लेकीने मात्र श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन त्याच श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि ते होणाऱ्या नवऱ्याला आधीच सांगायचं असतं. पूर्वी तशी हमी त्याच्याकडूनही मागत. 1970 मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते थांबवलं. रागाने दार लावलंत, तर लेक नुसतं रजिस्टर लग्न करते. चर्च ते लग्न वैध मानत नाही, आणि ती ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीला, मुकते. ज्याची धास्ती होती, ते आपल्याच हाताने घडतं.

बाई लेकीला आणि त्या मुलाला घेऊन फादरांकडे गेल्या. वचनाचं त्यांनी मुलाला स्वतःच सांगितलं, न रडता. आता रोज रात्री नऊला पुण्याला फोन लागतो आणि मायलेकी जपमाळेचे दहा मणी एकत्र म्हणतात. मुलगा तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवतो.